पस्तीस-एक

पुण्याहून आलेला भाचा केम स्टेशनातून बाहेर पडता पडता म्हणाला, "मामा, नवं काही करून बघायचं तर हिंजवडीत. इथं आहे ते चाललंय, एवढंच." तेव्हा हसलो, पण ते बोलणं हुरड्याच्या कुसासारखं दिवसभर टोचत राहिलं.

करून बघणं वेगळं आणि करत राहणं वेगळं, हा भेद माझाही लाडका. पण केमला दुसऱ्या खान्यात ढकलायचं? कुंकवाच्या गावाला? पिवळ्या हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस मिळाला की ती लाल होते. टाकणखारातलं बोरॉन ओळखायला रसायनशास्त्रज्ञ हळदीतलंच करक्युमिन वापरतात. त्यांची परीक्षा नळीत, आपली कपाळावर. (हल्ली तयार रंगाचं कुंकूही पुष्कळ, ते सोडा.)

"मग बिघडलेला माल कुठं लिहून ठेवलाय?" हे ऐकून भाच्यानं विचारलं.

मी बार्शी लाइट पुढे केली. १८९७ साली शेजारच्या कुर्डुवाडीहून बार्शीला निघालेली अडीच फुटी रेल्वे. दर आसावर ५ टनांपर्यंतच भार, ही तिचा अभियंता काल्थ्रॉप याची कल्पना. मोठा हरहुन्नरी गडी. पुढं पहिल्या महायुद्धात वैमानिकांसाठी हवाई छत्री करत बसला, शिवाय अरबी घोड्यांचा नाद. पण त्यानं गाड्यांची चाचणी घेतली ती इंग्लंडात, लीड्सजवळ न्यूलेला. भाच्याला आयतंच कोलीत मिळालं.

तेव्हा मोहोळ आठवलं. आमच्या भाकरीची मालदांडी ज्वारी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चांगली कणसं बियाण्याला राखत जपली. १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात त्याच ज्वारीतून निवड झाली आणि मालदांडी ३५-१ आली. निवड दोघांनीही केली. पण नावातला आकडा वहीतला आहे, कणगीतला नाही. इथं मला भाच्याची बाजू घ्यावी लागली, आणि ते मला आवडलं नाही.

मग वही कुंकूवाल्याकडे का नसावी? बिघडलेला माल त्यानं लिहून दाखवला तर गिऱ्हाईक जातं आणि पैसे त्याच्याच खिशातून. संशोधन केंद्रात वाफा फसला तर रकाना भरतात. कुळवाड्याचं रान फसलं तर सावकार येतो. त्याला करून बघणं परवडतच नाही, म्हणून तो करत राहतो. माझा लाडका भेद स्वभावाचा नव्हता तर, ऐपतीचा होता.

भाचा परत गेल्यावर रात्री त्याला फोन लावला. "तुझ्या कंपनीत फसलेल्याचे पैसे कोण भरतं रे?"

"गुंतवणूकदार," तो म्हणाला. "का, मामा?"