झुकतं माप

आजचं वाचन शांतिपर्वातलं आहे. मोक्षधर्म भागात तुलाधार आणि जाजली यांचा संवाद येतो, तो. भीष्म शरशय्येवर पडले आहेत, युधिष्ठिर पुन्हापुन्हा धर्माबद्दल विचारतोय, आणि भीष्म त्याला ही जुनी गोष्ट सांगतात.

जाजली मोठा तपस्वी. समुद्रकाठी तो खांबासारखा उभा राहिला, इतका स्थिर की पाखरांच्या एका जोडीने त्याच्या जटांमध्ये घरटं बांधलं. हा हलला नाही. अंडी झाली, पिल्लं झाली, पंख फुटून ती उडाली, संध्याकाळी परत यायला लागली. तरी हा उभाच. शेवटी ती महिनाभर फिरकली नाहीत, तेव्हा तो जागचा हलला. आणि मग त्याच्या मनात आलं, आपण धर्म साधला! तसं तो मोठ्याने बोललाही. तेवढ्यात आकाशातून आवाज आला की वाराणसीतल्या तुलाधाराची सर तुला नाही.

हा तुलाधार कोण, तर दुकानदार. जाजली पोचला तेव्हा तो गिऱ्हाइकं करत होता. लाख, सुगंधी द्रव्यं, निरनिराळे रस विकायचा, मद्य मात्र ठेवायचा नाही. त्याने उठून स्वागत केलं, पाखरांची सगळी हकिकत जाजलीने न सांगताच सांगितली, आणि स्वतःबद्दल बोलताना जे सांगितलं त्याचा मथितार्थ एवढाच: कोणाशी वैर नाही, कोणाकडून विशेष काही नको, आणि माझा तराजू सगळ्या प्राण्यांसाठी सारखा आहे.

संवाद पुढे अहिंसेकडे आणि यज्ञाकडे जातो, पण मी आज या तराजूपाशीच थांबणार आहे. कारण मला इथे दर वेळी एक शंका येते. बरोबर तोलणं यात एवढं मोठं काय? ते तर किमान आहे. तिकीट काढून लोकलमध्ये बसणाऱ्याला आपण हार घालत नाही. मग ज्याने पिल्लांसाठी महिनोन्‌महिने अंग हलवलं नाही, त्याच्यापेक्षा सारखा तराजू धरणारा वर कसा? बरं, करुणेनेच मोजायचं म्हटलं तर दुकानदाराने गरिबाला थोडं जास्त द्यायला हवं, म्हणजे तराजू सारखा नकोच, झुकता हवा. आपली भाषाही हेच सांगते. ‘झुकतं माप’ म्हणजे प्रेमाने दिलेलं, दोन दाणे जास्तीचं.

पण तोच शब्द दुसरीकडे कसा वापरतो बघा. निवड समितीने आपल्या माणसाला झुकतं माप दिलं, असं म्हणतो तेव्हा ती तक्रार असते. भाजीवाल्या मावशींनी पारडं आपल्याकडे झुकवलं तर माया, आणि समितीने झुकवलं तर अन्याय. फरक कशात आहे? मावशी स्वतःच्या टोपलीतलं देतात. समिती दुसऱ्या कोणाच्या हक्काचं देते. इतपत सरळ आहे. पण हा फरक कळायला आधी एक गोष्ट लागते, जी आपण गृहीत धरतो. सरळ पारडं कुठे असतं, हे दोघांनाही माहीत असावं लागतं.

ते माहीत नसेल तर काय होतं, याचा आपल्याकडे भरपूर अनुभव आहे. आजीच्या पिढीला छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर, पायली, मण, खंडी हे सगळं तोंडपाठ होतं. पण कुठला शेर आणि कुठला मण? इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण साधारण पावणेतेरा किलोचा भरायचा आणि बंगालचा सव्वासदतीस किलोच्या आसपास. नाव एकच, वजन जवळजवळ तिप्पट. त्यात धान्य बहुधा तोलण्याऐवजी मापाने मोजलं जायचं, आणि माप दोन तऱ्हांनी भरता येतं. काठावरून हात फिरवून सपाट, किंवा वर शीग लावून. (उत्सुकता ‘शिगेला पोचते’ ती याच शिगेला.) एकाच पायलीत शिगेचं धान्य वेगळं आणि सपाट वेगळं. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची सुंदर रीत आपल्याकडे होती, पण तो लाभ कोणाचा हे भरणाऱ्याच्या हातावर असायचं. उचल देताना सपाट भरलं आणि परत घेताना शिगोशीग, तरी तोंडाने दोन्ही वेळा ‘एक पायली’च म्हणता येतं. खोटं बोलावंच लागत नाही!

मला वाटतं तुलाधाराच्या वाक्याचं वजन इथे आहे. जिथे मापच पक्कं नाही, तिथे दान आणि चोरी यांना वेगळं ओळखता येत नाही. शीग लावून दिलं ते उदारपणाने, की आधीच्या खेपेला मारलेलंच परत केलं? सपाट दिलं ते रिवाजाने, की लुबाडलं? ना घेणाऱ्याला कळत, ना हळूहळू देणाऱ्यालाही. सारखा तराजू धरणारा माणूस करुणेला विरोध करत नाहीये. तो करुणेसाठी जमीन सपाट करून देतोय.

आता तुलाधाराने आपला तराजू स्वतःच्या मनाने सारखा ठेवला. सगळ्या बाजाराचं काय? मनुस्मृतीत राजाने वजनं-मापं दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावीत असं सांगितलंय. कौटिल्य त्याहून काटेकोर. अर्थशास्त्रात त्याने यासाठी पौतवाध्यक्ष नावाचा वेगळा अधिकारीच नेमलाय. वजनं लोखंडाची किंवा मगध आणि मेकल इथल्या दगडाची असावीत, म्हणजे पाण्याने वाढणार नाहीत, उन्हाने घटणार नाहीत. दर चार महिन्यांनी त्यांवर शिक्का, आणि शिक्का नसेल तर दंड. हे वाचताना मी खूश होतो, कारण हा माणूस आपल्यातला वाटतो. सिस्टिम कशी बिघडते याचा आधी विचार करणारा.

आणि मग त्याच अध्यायात तो चार प्रकारचे द्रोण देतो. राजाच्या कोठारात येणारं धान्य मोजायचा द्रोण २०० पळांचा. बाजारातल्या व्यवहाराचा १८७½. राजाकडून जे द्यायचं त्यासाठी १७५. अंतःपुरासाठी १६२½. म्हणजे येताना मोठं माप, जाताना लहान. त्याला हिशेबी कारणं असतील, धान्य वाळतं, सांडतं, उंदीर खातात. आणि कौटिल्याने ते लपवलेलं नाही, आकडे उघड लिहून ठेवलेत, हेही खरं. तरी मला हे खटकतं. शिक्का पक्का आहे, मोजणी काटेकोर आहे, पण समता नाही. ‘सगळ्यांसाठी सारखा’ असं तुलाधार म्हणू शकतो, कौटिल्याच्या राजाला ते म्हणता येणार नाही. फ्रान्समध्ये १७८९ साली शेतकऱ्यांच्या ज्या तक्रारी राजापुढे गेल्या, त्यांतही जमीनदार खंड वसूल करतो ते माप आणि त्यातली मनमानी हे गाऱ्हाणं होतं. पुढच्या दशकात तिथेच मीटर आणि किलोग्रॅम जन्माला आले.

आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो. आज २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी पडताळणी आणि मुद्रांकन व्हावं लागतं, लोखंडी वजनांचं दर दोन वर्षांनी, आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. मिठाई खोक्यासकट तोलणं त्यात बसत नाही, गिऱ्हाइकाला निव्वळ वजनाची मिठाई मिळाली पाहिजे. साधं वाटतं, पण सणासुदीला काजूकतलीच्या भावाने पुठ्ठा विकत घेतलाय आपण सगळ्यांनी.

एका वाचक मित्राने मागे विचारलं होतं की शिक्का मारावा लागतो याचा अर्थ माणसांवर विश्वास उरला नाही, मग यात अध्यात्म कुठे? मला उलट वाटतं. शिक्का लबाडासाठी आहे तेवढाच प्रामाणिक माणसासाठीही आहे. लोखंडी वजन वापरून झिजतं. काट्याचा सेन्सर हळूहळू सरकतो. दुकानदाराच्या मनात काहीही पाप नसताना किलो नऊशे नव्वद ग्रॅमचा होऊ शकतो, आणि त्याला ते आतून कधीच जाणवणार नाही. चांगुलपणाने वजनाची झीज दिसत नाही. त्यासाठी बाहेरचं वजनच समोर ठेवावं लागतं.

बाहेरचं म्हणजे शेवटी कुठलं? ही गोष्ट मला फार आवडते. १८८९ पासून जगाचा किलो म्हणजे पॅरिसजवळ सेव्र इथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा दंडगोल. उंची आणि व्यास दोन्ही सुमारे ३९ मिलिमीटर. तीन काचेच्या घुमटांखाली, तिजोरीत, आणि ती उघडायला तीन वेगवेगळ्या किल्ल्या. त्याच्या प्रती देशोदेशी दिल्या. भारताची प्रत क्रमांक ५७, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. काही दशकांनी प्रती परत नेऊन मूळ तुकड्याशी ताडून पाहिल्या, तर शंभरेक वर्षांत त्यांच्यात पन्नासेक मायक्रोग्रॅमचा फरक पडत गेलेला. आता गंमत अशी की मूळ तुकडा हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगायची सोय नव्हती. कारण किलोची व्याख्याच तो तुकडा. तो झिजला तरी किलोच. त्याच्या जागी सगळं जग जड झालं असं म्हणावं लागेल.

मी हे वाचलं तेव्हा मला जाजली आठवला. तो खोटा नव्हता. त्याचं तप खरं होतं, पाखरांवरची माया खरी होती. पण ‘मी धर्म साधला’ हे त्याने स्वतःला स्वतःशीच ताडून ठरवलं. स्वतःच मूळ तुकडा. अशा माणसाला आपली झीज कळणार कशी? म्हणून आकाशवाणीने त्याला शिक्षा दिली नाही, शाप दिला नाही. फक्त एक पत्ता दिला, वाराणसीचा, जिथे जाऊन ताडून पाहता येईल. आणि जाजली गेला. तपस्वी असून एका दुकानदाराकडे चालत गेला, हे त्याच्या सगळ्या तपापेक्षा मला मोठं वाटतं.

किलोचं पुढे काय झालं तर २० मे २०१९ पासून तो कुठल्याच तिजोरीत नाही. प्लांकच्या स्थिरांकाला पक्की किंमत देऊन त्यावरून तो ठरतो. तो स्थिरांक दिल्लीत, सेव्रला, चंद्रावर सारखाच, आणि कोणाच्याही मालकीचा नाही.

आता आपल्या आतल्या मापांकडे. तिथे शिक्का मारायला कोणी येत नाही, आणि बहुतेकांच्या आत कौटिल्याच्या राजासारखे दोन द्रोण असतातच. जेवण आणणारा मुलगा दहा मिनिटं उशिरा आला की एक तारा कमी. आपली मीटिंग लांबली तर ट्रॅफिक, नेटवर्क, घरचं कारण. स्वतःला हेतूने मोजायचं आणि दुसऱ्याला निकालाने. सासरच्या पाहुण्यांना सपाट पायली, माहेरच्यांना शिगोशीग. यावर उपाय म्हणून लोक म्हणतात, जास्त प्रेमळ व्हा. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण प्रेम आपण त्याच जुन्या मापाने भरून देतो.

जुन्या दोन पारड्यांच्या तराजूची एक परीक्षा आहे. दांडीची एक बाजू किंचित लांब असेल तर तो रिकामा असताना सरळ दिसू शकतो, वजनाला मात्र दगा देतो. ओळखायचं कसं? माल आणि वजन यांची पारडी बदलायची. तराजू खरा असेल तर दांडी पुन्हा सरळच राहते. खोटा असेल तर लगेच झुकते. कुठलंही यंत्र लागत नाही, कुठला अधिकारी लागत नाही. रेटिंग देताना, टीममधल्या ज्युनियरच्या चुकीबद्दल मेल लिहिताना, घरात कोणाची बाजू घेताना, एकदा मनात पारडी बदलून बघता येतात. त्याच्या जागी मी, माझ्या जागी तो. दांडी कुठे जाते?

कोणी म्हणेल, सत्यभामेच्या तुलाभारात तर सगळं सोनं हरलं आणि एक तुळशीचं पान जिंकलं, भक्तीच्या राज्यात कसली मापं? पण ती गोष्ट नीट आठवा. कृष्णाने आपलं पारडं हाताने दाबलेलं नाही. रुक्मिणीनेही तराजू बदललेला नाही. ज्या तराजूवर सोनं कमी पडलं, त्याच तराजूवर पान पुरलं.

तुलाधाराने पुढे अहिंसेबद्दल जे सांगितलं ते जाजलीला चांगलंच झोंबलं, नास्तिकासारखा बोलतोस असंही तो म्हणाला. तो भाग उद्या वाचू.

राम कृष्ण हरी.