ओलीस घर आणि गृहस्थधर्म

शस्त्र घेऊन घरात शिरलेल्या आणि घरच्या माणसांना ओलीस धरून बसलेल्या माणसाशी गृहस्थाने कसे वागावे, त्याला खरे सांगावे की खोटे, त्याच्यावर हात उचलावा की मागेल ते त्याच्या पुढ्यात ठेवावे, हा प्रश्न रहस्यपटांत सुटकेच्या युक्तीपुरताच उरतो. धर्मशास्त्रात मात्र तो गृहस्थधर्माच्या गाभ्याशी येतो. ग्वाल्हेरच्या परिसरात हा प्रश्न कधीच केवळ ग्रंथांतला नव्हता. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती जे लष्कर शहर वाढले, त्यात सरदारांचे वाडे उभे राहिले, सराफा बाजार भरू लागला. आणि या संपन्न शहराच्या उत्तरेला, भिंड आणि मुरैना जिल्ह्यांत, चंबळेच्या बीहडांचा, म्हणजे पावसाच्या पाण्याने मातीत खोल कोरलेल्या घळींचा, प्रदेश पसरलेला आहे. तेथील दरोडेखोर स्वतःला बागी म्हणवीत, आणि त्यांच्या उत्पन्नाचा एक मोठा मार्ग सधन घरातील माणूस उचलून बीहडात नेणे व खंडणी पोचल्यावर सोडणे हा होता. अशा ओलिसाला तिकडच्या बोलीत 'पकड' म्हणतात. मध्य प्रदेशाने 1981 साली या भागांसाठी जो खास कायदा केला, त्याच्या नावातच डकैती आणि व्यपहरण, म्हणजे अपहरण, हे दोन गुन्हे जोडीने आले आहेत, यावरून ही प्रथा किती रुजली होती हे कळते.

घरावर चालून येणाऱ्यासाठी धर्मशास्त्राची संज्ञा 'आततायी' अशी आहे. वसिष्ठ धर्मसूत्राने आग लावणारा, विष घालणारा, हाती शस्त्र घेतलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि स्त्रीचे अपहरण करणारा असे सहा आततायी सांगितले आहेत, आणि आततायी चालून आला असता त्याला मारण्यात दोष नाही अशा अर्थाची वचने स्मृतींत आढळतात. या यादीतील अडचण अशी की तिच्यात जीव घेऊ पाहणारा आणि केवळ धन नेणारा एकाच ओळीत बसतात. एखाद्याने तिजोरी फोडली एवढ्यावरून त्याचा जीव घेणे निर्दोष ठरते काय? याज्ञवल्क्य स्मृतीवरील मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वराने, कल्याणच्या चालुक्यांच्या काळात, या वचनांची छाननी करताना जो विवेक दाखवला तो आजही उपयोगी आहे : स्वतःचा बचाव करताना, मारण्याचा हेतू मनात नसताना, हल्लेखोर दगावला तर दोष अल्प; हेतूच मारण्याचा असेल तर वचनांचा आधार घेता येत नाही. विज्ञानेश्वराने हा विचार ब्राह्मण आततायीपुरता मांडला होता, आणि वर्णानुसार जिवाची किंमत ठरवणारा तो भाग टाकून द्यावा असाच आहे; परंतु निवारण आणि वध यांतला फरक प्रत्येक माणसाला सारखाच लागू केला, तर त्या विवेचनाचे सत्त्व नाहीसे होत नाही, उलट ते पूर्ण होते.

आधुनिक कायद्यातही हाच ताण दिसतो. 1860 च्या भारतीय दंड संहितेने मालमत्तेच्या रक्षणासाठी, जबरी चोरी आणि रात्रीची घरफोडी अशा काही प्रसंगी, हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत प्रतिकाराची मुभा कलम 103 मध्ये दिली. खंडणीसाठी माणूस पळवून त्याच्या जिवाची धमकी देण्याला मात्र मृत्युदंडापर्यंतची शिक्षा सांगणारे कलम 364-अ त्यात 1993 साली घालण्यात आले. लूट आणि ओलीस या दोन गोष्टींत जातीचाच फरक आहे हे यातून कबूल झाले. लुटणारा धन्याकडून वस्तू हिरावतो. ओलीस धरणारा माणसालाच वस्तू करतो, आईच्या मायेचा, बापाच्या धास्तीचा भाव ठरवतो आणि त्या मायेलाच वसुलीचे साधन बनवतो. म्हणून गृहस्थाचा प्रतिकाराचा अधिकार संपत्तीतून निघतो असे मानणे चुकीचे आहे. तो घरातल्या माणसांमधून निघतो. घर गडगंज असो की चंद्रमौळी, हा अधिकार तेवढाच राहतो, आणि दागदागिन्यांसाठी एखाद्याने जीव घ्यावा इतका तो कधीच मोठा होत नाही. श्रीमंतांच्या घरावर संकट आले की त्यांची संपत्ती अन्यायाची होती, त्यांनी ती भोगली, आता फळही भोगावे, असा एक कठोर सूर समाजात ऐकू येतो. संपत्तीच्या न्याय्यतेचा हिशेब मागण्याची जागा मात्र पोराच्या मानेवर सुरी धरलेली खोली नव्हे.

प्रतिकाराआधी प्रश्न येतो तो बोलण्याचा. कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत, मुलगी कुठे लपली आहे, या प्रश्नांना गृहस्थाने काय उत्तर द्यावे? महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्णाने अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगितली आहे, आणि लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'च्या कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात या प्रसंगातील उपदेशाचा आधार घेतला आहे. नद्यांच्या संगमाजवळ राहणाऱ्या, सदैव सत्यच बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाला, पळून आलेली माणसे कुठे लपली असे दरोडेखोरांनी विचारले. त्याने खरे ते सांगितले, माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. कृष्णाचा उपदेश मोजूनमापून दिलेला आहे : न बोलता सुटका होत असेल तर बोलू नये, आणि बोलणे भागच पडले किंवा मौनानेच संशय येत असेल तर असत्य बोलणे श्रेयस्कर. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1797 च्या एका निबंधात नेमकी उलट बाजू घेतली. मित्राला मारायला आलेल्याने दारात विचारले तरी खोटे बोलण्याचा हक्क कोणालाही नाही, कारण असत्याने सर्व माणसांचा परस्परांवरील विश्वासच उसवतो, असे त्याचे म्हणणे. कांटच्या म्हणण्यात वजन आहे, पण ज्याने गळ्यावर सुरी ठेवून प्रश्न विचारला त्याने त्या विश्वासाचा धागा आधीच तोडलेला असतो, आणि त्याच्या प्रश्नाला उत्तराचा हक्क उरत नाही.

तरीही भारतीय परंपरा या असत्याला निष्कलंक म्हणत नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. साक्षीदाराच्या सत्याने कोणाचा जीव जाणार असेल तर असत्याची परवानगी देणारी मनुस्मृती लगेच पुढे वाग्देवतेला चरू अर्पण करण्याचे, म्हणजे शिजवलेल्या अन्नाची आहुती देण्याचे, प्रायश्चित्त सांगते. योग्य ठरलेल्या असत्याचीही वाणीला भरपाई द्यावी लागते. पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळात ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यात ज्यांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या त्या तीर्थंकरांच्या जैन परंपरेतही, समंतभद्राने श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ अनुयायाच्या, सत्यव्रताची व्याख्या करताना, दुसऱ्यावर आपत्ती आणणारे सत्य बोलणेही त्याने टाळावे असे म्हटले आहे. सत्याचे मोल त्याच्या परिणामासह तोलावे लागते, ही जाणीव दोन्हीकडे आहे.

खंडणीचा प्रश्न सर्वांत बिकट, कारण तिथे घराचे आणि गावाचे हित एकमेकांच्या विरुद्ध जाते. सावकाराने मुलाच्या सुटकेसाठी मोजलेल्या रकमेतून काडतुसे येतात आणि पुढची पकड दुसऱ्या घरातून उचलली जाते. ज्यू धर्मशास्त्राच्या मिश्ना या ग्रंथाने हा पेच फार पूर्वी ओळखला : कैद झालेल्यांना त्यांच्या मोलापेक्षा अधिक देऊन सोडवू नये, कारण जगाची घडी नीट राहिली पाहिजे. तेराव्या शतकातील रब्बी मेइर यांनी याच नियमापोटी स्वतःची अवाच्या सवा खंडणी भरू दिली नाही आणि 1293 साली ते कैदेतच वारले, असे परंपरा सांगते. मात्र पुढील शास्त्रकारांनी हे बंधन समाजाच्या निधीवर ठेवले. स्वतःची सुटका करणाऱ्याला स्वतःचे सर्व धन देण्याची मोकळीक राहिली. हा भेद न्यायाचा आहे. सामुदायिक संयमाचे ओझे राज्याने आणि समाजाने उचलावे. ज्या बापाचा मुलगा बीहडात आहे त्याने गावासाठी मुलावर पाणी सोडावे असे सांगणाऱ्याने आधी आपले त्या गावाशी असलेले नाते तपासावे.

महात्मा गांधींनी 1909 च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये घरात शिरलेल्या चोराचे उदाहरण घेऊन दारे उघडी ठेवण्याची, वस्तू त्याच्या हाताशी येतील अशा मांडण्याची कल्पना मांडली, आणि संतचरित्रांतला एकनाथ चोरांना जेवू घालतो तेव्हा तोही याच वाटेने जातो. वस्तूंच्या बाबतीत ही वाट खुली आहे. माणसाच्या बाबतीत ती कोणी दुसऱ्यासाठी निवडू शकत नाही. मात्र आततायीला मारता येते म्हणून त्याच्याविषयीचा धर्म संपत नाही, हे याच प्रदेशाने दाखवून दिले. 1960 च्या मे महिन्यात विनोबा भावे भिंड-मुरैनातून पायी फिरले आणि वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. 1972 च्या एप्रिलमध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायणांपुढे मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी शरणागती पत्करली, तीही फाशी होणार नाही या आश्वासनावर, आणि पुढे त्यांच्यातील अनेकांना मुंगावलीच्या खुल्या कारागृहात ठेवण्यात आले. बागींचा असा सत्कार होतो हे पाहून तेव्हा अनेकांना संताप आला, आणि तो संताप क्षुद्र नव्हता. राज्य फाशी माफ करू शकते, संत हृदयपरिवर्तनाला साक्षी राहू शकतो. पण क्षमा ज्याच्या मालकीची असते तो माणूस एकेकाळी पकड म्हणून बीहडात बांधून ठेवलेला असतो, किंवा त्याची वाट पाहत घरात बसलेला असतो, आणि त्याने ती दिली नाही तर कोणताही धर्म त्याला दोषी ठरवू शकत नाही.