खाल्ल्या मिठाचा प्रश्न

लांडगा दिसताच मोलकरी मेंढरे टाकून पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात, असे प्रभू येशूने उत्तम मेंढपाळाच्या दृष्टान्तात सांगितले आहे. हा उतारा मंदिरात ऐकताना आपण मोलकऱ्याला मनोमन दोष देतो. पण आपणही बहुतेक सारे मोलानेच राबणारी माणसे आहोत, हे त्या वेळी आपल्या ध्यानी येत नाही. पगार घेणारा माणूस धन्याचे नेमके काय देणे लागतो? मराठ्यांच्या इतिहासातील एका प्रकरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील अनेक शिपाईगडी नशीब काढण्यासाठी हिंदुस्थानात आले आणि येथील राजेरजवाड्यांच्या चाकरीत शिरले. सॅव्हॉयमधील शांबेरी या गावचा डी बॉईन हा त्यांतील अग्रणी. फ्रान्स, रशिया आणि मद्रासेतील इंग्रज कंपनी अशा तीन चाकऱ्या करून तो १७८४ मध्ये महादजी शिंद्यांकडे आला. दोन पलटणींपासून आरंभ करून त्याने मोठी कवायती फौज उभी केली. १७९० मधील पाटण आणि मेडता येथील विजय याच फौजेचे. शिपायांचा पगार वेळेवर होईल याविषयी तो दक्ष असे. मात्र इंग्रजांविरुद्ध लढण्यास आपणांस सांगू नये, ही अट त्याने प्रारंभीच घातली होती. महादजी १७९४ मध्ये निवर्तले. पुढील वर्षाच्या अखेरीस डी बॉईनने दौलतरावांची चाकरी रीतसर सोडली आणि पुढे तो युरोपास परतला.

खरी कसोटी त्याच्यामागून आली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी पेशव्यांनी वसईस इंग्रजांशी तह केला आणि त्यातून पुढील वर्षी शिंदे व इंग्रज यांच्यात युद्ध पेटले. शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या अधिकाऱ्यांचा योगक्षेम आम्ही चालवू, असा जाहीरनामा गव्हर्नर जनरलने काढला. एकामागून एक अधिकारी निघून गेले. डी बॉईनच्या जागी आलेला फ्रेंच सेनापती पेरॉन सप्टेंबरमध्ये जनरल लेकच्या आश्रयास गेला. लुकान नावाच्या एका अधिकाऱ्याने तर, कालपर्यंत ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्याच अलीगडच्या किल्ल्याचा दरवाजा इंग्रजांना दाखविला.

या साऱ्यांना एकाच शब्दात दगाबाज म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे नव्हे. स्वजनांवर गोळी झाडण्यास ज्याचे मन धजत नाही, त्याच्या सदसद्विवेकाला आपण नावे कशी ठेवावी? १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या पदरी असलेल्या व्हिकर्स, डॉड आणि रायन या तिघांनी इंग्रजांविरुद्ध लढण्यास नकार दिला आणि त्यापायी शिरच्छेद पत्करला. नकाराची किंमत त्यांनी स्वतः मोजली. जेम्स स्किनरची कथाही लक्षात घेण्याजोगी आहे. त्याचा पिता स्कॉटिश, माता रजपूत. इंग्रज रक्ताचा म्हणून पेरॉनने त्याला चाकरीतून काढून टाकले. पुढे तो लेककडे गेला खरा, पण शिंद्यांविरुद्ध शस्त्र धरणार नाही, अशी अट घालूनच. चाकरी संपली तरी मिठाची आठवण संपली नव्हती. लुकान आणि स्किनर दोघेही शिंद्यांकडून निघून इंग्रजांकडेच गेले; परंतु दोघांतील अंतर किती मोठे!

आणि मागे राहिलेल्या शिपायांचे काय? १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीच्या रणात याच पलटणी आपल्या युरोपीय अधिकाऱ्यांवाचून उभ्या राहिल्या. गोलंदाज संगिनीने मारले जाईपर्यंत तोफांपासून हलले नाहीत. त्यांच्या पराक्रमाची थोरवी खुद्द लेकने आपल्या पत्रात मान्य केली. हे शिपाई बहुसंख्येने अयोध्या, रोहिलखंड, दुआब या मुलखांतले. मराठी दौलत त्यांनाही परकीच होती. तेही पगारासाठीच आले होते.  परंतु ज्यांनी कवायत शिकविली ते निघून गेले आणि जे शिकले ते उभे राहिले, हे मात्र खरे.

तेव्हा मोल घेण्यात पाप नाही, असा निष्कर्ष आम्हांस काढावा लागतो. योहान बाप्तिस्त्याने आपल्याकडे आलेल्या सैनिकांना शिपाईगिरी सोडावयास सांगितले नाही. जुलूम करू नका आणि वेतनात तृप्त असा, एवढेच बजावले. दृष्टान्तातील मोलकऱ्याचा दोष मजुरी घेण्यात नाही. आपल्या भरवशावर असलेल्यांकडे संकटसमयी पाठ फिरविण्यात आहे. चाकरी सोडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मात्र आपण काय करणार नाही हे आधी उघडपणे सांगावे, सोडताना धन्याच्या दाराची किल्ली शत्रूच्या हाती देऊ नये आणि मागे राहणाऱ्यांचा विचार करावा.

आपल्या घरांतील कितीतरी मुलेमुली आज परमुलखात, परक्या धन्याकडे चाकरी करीत आहेत. त्यांना निरोप देताना आपण पगाराची चौकशी अवश्य करतो. तुझ्या हाताखाली कोण असेल, तुझ्यावर कोण विसंबून राहील, हेही आपण त्यांना विचारावे.