वृद्धापकाळातील यात्रा आणि भगवंताचा भार

॥ श्री ॥

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता सुमारे ४५ ते ५० किलोमीटरवर मलकापुरास येतो. एके काळी विशाळगड जहागिरीचे ठाणे असलेले हे गाव आज शाहूवाडी तालुक्याची बाजारपेठ आहे. येथून पुढे आंबा आणि मग घाट. जोतिबा, अंबाबाई, नृसिंहवाडी ही क्षेत्रे करून गणपतीपुळे व मार्लेश्वराकडे उतरणारे, त्याचप्रमाणे कोकणातून देशावर येणारे भाविक या वाटेने जातात. त्यांत उतारवयाची माणसे मोठ्या संख्येने असतात. मुले मार्गी लागली, नातवंडे शाळेत जाऊ लागली, आता देव पाहून घ्यावेत, या भावनेने ती निघालेली असतात.

परंतु निघताना बरोबर काय घेतले जाते? पिशवीत औषधे, शाल, प्रसादाचा डबा. आणि मनात काळजीचे गाठोडे. घाटात धुके असेल का, गुडघे पायऱ्या चढू देतील का, परगावी दुखणे उद्भवले तर कोण पाहील? काही चिंता तर हास्यास्पदच असतात. शंभर कोस दूर गाभाऱ्यात हात जोडून उभे असताना मनात विचार चालतो, मागच्या दाराची कडी लावली होती की नाही! देव समोर आहे, दृष्टी त्याच्यावर आहे, मन मात्र कडीपाशी राखण करीत बसले आहे. अशा वेळी दर्शन झाले असे म्हणावे तरी कसे?

श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्तांचा योगक्षेम आपण स्वतः वाहतो, असे अभिवचन दिले आहे. योग म्हणजे जे मिळालेले नाही ते मिळणे आणि क्षेम म्हणजे जे मिळालेले आहे ते सांभाळले जाणे. प्रवाशाच्या साऱ्या चिंता या दोन शब्दांत येतात. रात्रीचा निवारा मिळेल का, ही योगाची चिंता. घर, पैसा, प्रकृती नीट राहील ना, ही क्षेमाची. भगवंत येथे ‘देतो’ एवढेच म्हणत नाहीत, ‘वाहतो’ म्हणतात. ओझे त्यांनी उचललेले असताना भक्ताने तेच ओझे पुन्हा डोक्यावर घेणे म्हणजे गाडीत बसूनही गाठोडे मांडीवरून खाली न ठेवण्यासारखे आहे.

याची साक्ष देणारे चरित्र महाराष्ट्राला परिचित आहे. सातारा जिल्ह्यातील आरफळ येथील हैबतबाबा शिंदे सरकारांच्या पदरी सरदार होते. चाकरीत मिळविलेले द्रव्य घेऊन ते ग्वाल्हेरकडून गावी परत निघाले. पारंपरिक कथा अशी की, सातपुड्याच्या रानात भिल्लांनी त्यांना लुटले आणि गुहेत कोंडून दारावर शिळा लोटली. बाबांजवळ द्रव्य राहिले नाही, शस्त्र राहिले नाही, सोबतीही कामास आले नाहीत. राहिला तो श्रीज्ञानदेवांचा हरिपाठ. तो त्यांनी अखंड चालविला. एकविसाव्या दिवशी नायकाच्या घरी पुत्र जन्मला. त्या आनंदात गुहा उघडली, तेव्हा बाबा नामस्मरणात मग्न आढळले. नायकाने लुटलेले सर्व परत देऊन त्यांना सन्मानाने निरोप दिला.

कथेचा खरा भाग याच्यापुढे आहे. सुटका झाल्यावर बाबा आरफळच्या वाड्यात सुखाने राहू शकले असते. तसे न करता ते आळंदीस माउलींच्या चरणी राहिले आणि १८३२ च्या सुमारास त्यांनी माउलींच्या पालखी सोहळ्यास आजचे स्वरूप दिले. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे साहाय्य त्यास लाभले. सोहळ्यातील अश्व आजही अंकलीहून येतात. ज्याने वाटेवर सर्वस्व गमावण्याचे भय अनुभवले, त्याच्या हातून लक्षावधी जनांसाठी निर्भय वाट घडावी, ही भगवंताची योजना.

ती वाट निर्भय कशी झाली, हेही पाहिले पाहिजे. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. सत्तरी ओलांडलेले वारकरी ते पायी चालतात. ‘माउलींवर सोडले’ असे ते म्हणतात. पण त्यामागे कडक शिस्त आहे. रथापुढे २७ दिंड्या व मागे त्याहून कितीतरी अधिक, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, चालण्याची जागा ठरलेली, मुक्काम ठरलेला. सायंकाळी तळावर समाजआरती होते. चोपदाराने चोप उंचावताच टाळमृदंग शांत होतात. एखाद्या दिंडीचे टाळ तरीही वाजत राहिले, तर तिची काही तक्रार आहे हे सर्वांस कळते व ती तेथेच ऐकली जाते. दिवसभरात वाटेवर सापडलेल्या व हरवलेल्या वस्तूंची घोषणाही त्या वेळी होते. म्हाताऱ्या वारकऱ्याची पिशवी अशी त्याच्याकडे परत येते.

भगवंत भार वाहतो तो असा, माणसांच्या हातांनी. पुण्यश्लोक अहल्यादेवी होळकरांनी ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधविल्या. तेथे विसावणाऱ्या यात्रेकरूस त्या ओळखत नव्हत्या, तोही त्यांना कधी भेटला नाही. एखाद्या देवस्थानात पाण्याच्या टाकीसाठी, अन्नछत्रासाठी वा जिन्याच्या कठड्यासाठी दान देणारा भाविक हेच करीत असतो. कुणा अपरिचित आजीचा हात त्या कठड्यावर टेकतो, त्या क्षणी योगक्षेमाचे वचन पाळले जाते.

म्हणूनच श्रद्धा आणि बेपर्वाई यांत गल्लत होऊ नये. औषध वेळेवर घ्यावे. नाव, गाव व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. पावसाळ्यात घाटाची चौकशी केल्याविना निघू नये. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती, हे या भागात कोणी विसरलेले नाही. एवढे केल्यावर जे उरते ते आपले काम नव्हे. तेथे चिंता करणे म्हणजे दुसऱ्याच्या कामात लुडबूड करणे होय.

एक भय मात्र चिठ्ठीने वा औषधाने जात नाही. परमुलखात डोळे मिटले तर? घरची माणसेही याच कारणाने वृद्धांना अडवितात. श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांनी आपल्या वृद्ध मातोश्री गीताबाई यांना काशीयात्रेस नेले. निघण्यापूर्वी घरातील चीजवस्तू लोकांना वाटून टाकली, असे त्यांचे चरित्र सांगते. मागे मन अडकावे असे काही उरलेच नाही. यात्रा करीत मायलेक अयोध्येस पोहोचले आणि तेथे श्रीरामाच्या नगरीत, पुत्राच्या सान्निध्यात, मातोश्रींनी देह ठेवला. गोंदवल्यास त्या परतल्या नाहीत. तथापि त्यांची यात्रा अपुरी राहिली, असे कोणीही म्हटलेले नाही.

हैबतबाबांची इच्छा तर याहूनही लहान होती. माउलींच्या दर्शनास येणाऱ्या संतसज्जनांची पायधूळ आपल्यावर पडावी, एवढेच त्यांना हवे होते. आळंदीच्या महाद्वारात त्यांची पायरी आहे. कार्तिकात संजीवन समाधी सोहळ्याचा प्रारंभ तिच्या पूजनाने होतो आणि मग काठी टेकीत, नातवाचा हात धरून, वृद्ध वारकरी तिला स्पर्श करून आत जातात.