दुअंमल

घरातील सत्ता एकाची असावी की दोघांची, हा प्रश्न आम्ही आजवर वाटणीच्या दाव्यांतच पाहिला होता. परवा उज्जयिनीस एका वयोवृद्ध स्नेह्यांच्या वाड्यात तो आम्हांस वायफायच्या रूपाने भेटला.

वाडा जुना, भिंती दीड हात जाडीच्या. मोडेम-राउटर पुढच्या ओसरीवर, आणि सूनबाई शिकवण्या घेतात ती खोली मागच्या चौकापलीकडे. बिनतारी लहरी, त्यांतही ५ गिगाहर्ट्झच्या, अशा भिंतींपुढे लवकर थकतात, २.४ गिगाहर्ट्झच्या थोड्या पुढे जातात इतकेच. शिकवणीच्या मध्येच पडद्यावरचे चेहरे थिजत. शेवटी मुलाने तीन डब्यांचा मेश संच आणला. पहिला डबा मोडेमला तारेने जोडला, दुसरा मधल्या चौकात ठेवला आणि तिसरा मागच्या खोलीच्या जरा अलीकडे. कारण ज्याला स्वतःला नीट ऐकू येते, तोच पुढे सांगू शकतो.

लहरी पोहोचल्या, पण नवाच तंटा उभा राहिला. मागच्या संगणकाला ओसरीवरचा प्रिंटर दिसेना. जुना राउटर आपल्या यंत्रांना पत्ते वाटीत होता, नवा संच आपल्यांना निराळे. प्रिंटर एकाची रयत, संगणक दुसऱ्याची. आणि नव्याच्या रयतेचे प्रत्येक पत्र बाहेर जाताना दोन कचेऱ्यांचे शिक्के घेऊन जाई. यालाच आपल्या जुन्या मराठीत दुअंमल म्हणत. माळव्याला तो अनोळखी नाही. १७४१ साली बाळाजी बाजीरावास येथील नायब-सुभेदारी मिळण्यापूर्वी बादशाही अंमलदार सारा मागत आणि मराठे चौथाई मागत. भरडली जाई ती रयत.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही चालण्याजोगे. जुना राउटर धनी राहू द्यावा आणि नव्या संचास अ‍ॅक्सेस पॉइंट करून केवळ लहरी पोहोचविण्याचे काम द्यावे. किंवा जुन्यास ब्रिज मोडमध्ये ठेवावे, म्हणजे तो बाहेरून आलेला संकेत आत सोडील, परंतु पत्ते वाटणे आणि कोणास आत घ्यावे हे ठरविणे नव्याकडे जाईल. यंत्रशास्त्र एवढेच सांगते की धनी एक असावा. तो कोण, हे ते सांगत नाही. तेथून नीतीचा प्रश्न सुरू होतो.

पासवर्ड स्नेह्यांच्या रोजनिशीत असे. घरच्यांनी तो येऊन मागावा, हा त्यांचा उरलेला मान होता. "म्हणजे वकीलसाहेब, जुन्याने वानप्रस्थ घ्यायचा?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "घेतलाच पाहिजे असे नाही." आणि तेच खरे होते. जेथे दुसरा मार्गच नसतो, तेथे सत्ता सोडणे हा केवळ पराभव असतो. मार्ग असूनही सोडली, तरच तो त्याग होय.

मग निकष कोणता? ज्येष्ठता नव्हे, आणि संचाची किंमत कोणी भरली हेही नव्हे. ज्याला घराच्या शेवटच्या खोलीची खबर असते, अंमल त्याच्याकडे असावा, असे आम्हांस वाटते. ओसरीवरच्या राउटरला ती खबर नव्हती.

परंतु खबर आणि पाळत यांत फार थोडे अंतर आहे. नवा संच मुलाच्या फोनवर दाखवितो की कोणते यंत्र केव्हा जागे आहे. त्याचे इंटरनेट तेथूनच तोडताही येते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो प्रामुख्याने राज्यसत्तेविरुद्ध आहे, उंबऱ्याच्या आत त्याचा दावा सहसा चालत नाही. म्हणूनच घरात तो दुसऱ्या कोणी नव्हे, सत्ता हाती असलेल्यानेच पाळावयाचा असतो.

स्नेह्यांनी अखेर रोजनिशी मुलापुढे ठेवली. "एवढेच कर," ते म्हणाले, "रात्री कोण किती वाजेपर्यंत जागते, ते पाहू नकोस."

जुन्या राउटरचे वायफाय बंद झाले. प्रिंटर नव्या नेटवर्कात आला आणि मागच्या खोलीतून धाडलेला कागद ओसरीवर पडला. स्नेह्यांनी तो उचलला आणि न वाचता सूनबाईंना नेऊन दिला.