कच्चं मडकं

रायपुरात दर शनिवारी सकाळी आम्ही पाच जण चाकावर भांडी करायला शिकतो. पाचही जण हौशी. शिकवणारे भैया मात्र पिढीजात कुंभार. त्यांचा नियम पहिल्याच दिवशी कळला: पहिल्या दोन महिन्यांत केलेलं काहीही भट्टीत जाणार नाही. भांडं झालं की ते तारेने त्याचे उभे दोन तुकडे करतात आणि आतली भिंत दाखवतात. बुडाशी बोटभर जाड, मध्ये कागदासारखी, काठाशी पुन्हा जाड. मग दोन्ही तुकडे पाण्याच्या बादलीत.

आमच्यातल्या एकीला हे फार लागलं. "वाकडं असलं तरी माझं पहिलं आहे, भैया. आठवण म्हणून भाजू द्या ना." ते म्हणाले, "दीदी, भाजलं की मग ती माती उरत नाही."

हे अक्षरशः खरं आहे. वाळलेलं कच्चं भांडं भिजवलं की विरतं, पुन्हा मळता येतं. पण भट्टीत ते सुमारे 600 अंश सेल्सियसच्या पलीकडे गेलं, की मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं. मग कितीही भिजवा, त्याचा चिखल होत नाही. म्हणून तर महानदीकाठच्या सिरपूरसारख्या ठिकाणी शेकडो वर्षांनी खापरं हाती लागतात. कुणा कुंभाराचा चुकलेला हातही त्यांत तसाच राहिला असेल.

मी भाषांतरं करते. काही वर्षांपूर्वी एका हिंदी कथेचं मराठी केलं. त्यातला कुंभार पहाटेच घराबाहेर पडतो. बायको सांगते, तो शेजारच्या गावी 'मिट्टी देने' गेलाय. मी लिहिलं, 'माती पोचवायला गेलाय.' कुंभारच तो, मातीचाच व्यवहार! पुस्तक आल्यावर एका वाचकाने कळवलं, तो मयतीला गेला होता. आपणही 'मातीला जाऊन आलो' म्हणतोच की. परतल्यावर तो कुणाशी बोलत नाही, तो मला थकवा वाटला होता. माझ्या मराठीत एका माणसाचा शोक ओझं वाहून आलेला शीण झाला.

शिकणाऱ्याला चुकण्याचा हक्क आहे, हे सगळेच मानतात. पण ती चूक पक्की करून दुसऱ्याच्या हाती देण्याचाही हक्क आहे का? माझं पहिलं उत्तर 'नाही' असं होतं. मग वाटलं, तसं म्हटलं तर कुणी काही भाजणारच नाही, आणि कच्च्या मडक्यात पाणी राहत नाही. मैत्रिणीचं वाकडं भांडं तिच्या फळीवर राहिलं असतं, त्याने कुणाचं काय बिघडलं असतं? भैयांच्या घरी मात्र गळकं मडकं म्हणजे परत आलेलं गिऱ्हाईक. फरक सुबकपणाचा नाही. त्यावर कोण विसंबणार आहे याचा आहे. ज्याला मूळ भाषा येत नाही तो वाचक माझ्यावर पूर्ण विसंबलेला असतो. गळती त्याला दिसतही नाही.

आणि माझी चूक अज्ञानाची नव्हती. अडलेला शब्द मी दहा जणांना विचारते. हा अडलाच नाही, म्हणून तो कुणी कापून पाहिला नाही.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट आपण अपमानाची म्हणून ऐकतो. पण कच्चे ठरले म्हणूनच नामदेव विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. पक्क्याला ती सोय नसते.

मूळ लेखकाला पत्र लिहून मी चूक कबूल केली. पुढच्या आवृत्तीत ओळ सुधारेल. विकल्या गेलेल्या प्रतींत ती तशीच राहील. आता मसुदा पाठवण्याआधी, हिंदीतच वाढलेल्या एका मैत्रिणीला सोपी वाटणारी पानंही वाचून दाखवते.

गेल्या शनिवारी, तिसऱ्या महिन्यात, भैयांनी माझी एक वाटी भट्टीसाठी बाजूला ठेवली. मी म्हटलं, आधी कापून बघू या. ते हसले. "सगळीच कापली तर पाणी कशात प्यायचं, दीदी?"

वाटी फळीवर वाळते आहे. अजून आठवडाभर तरी ती माती आहे.