मोशेची जड जीभ
(निर्गम, अध्याय ४)

आपण मुखजड आहो हे मोशेने परमेश्वरापुढे उघड सांगितले, तेव्हा तो सुमारे ८० वर्षांचा होता. देव कोपला तो त्याच्या नकारावर, जिभेवर नव्हे. आणि त्याने अहरोनास सोबती दिले.

आपल्यातील एखाद्या प्रौढ बंधूस डॉक्टर सांगतात की, तुला जन्मापासून स्वमग्नता आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी तिचे वर्णन केले ते ११ मुलांवरून. प्रौढांकडे पुष्कळ काळ कोणी पाहिलेच नाही. तो नजरेस नजर देत नाही म्हणून आपण त्यास गर्विष्ठ म्हटले. झांजांचा नाद असह्य होऊन तो भजनातून उठला, तर भक्तिहीन म्हटले! ही भूतबाधा नव्हे, आईबापांच्या पापाचे फळ तर नव्हेच.

बंधो, सर्वांस सांगण्याचे बंधन तुजवर नाही. एखादा अहरोन पाहून त्यास सांग. आणि उपदेशकहो, तो तुमच्यापाशी बोलला तर त्याच्या संमतीवाचून ते व्यासपीठावरून बोलू नका. काय केले असता त्यास सोयीचे होईल, एवढे विचारा. कदाचित तो उपासनेत दाराजवळची जागा मागेल.